नंबर बरोबर, पण नजरेचा घेर गेलेला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी पायरीपायरीने माहिती

तक्त्यावरची शेवटची ओळ आजोबा खणखणीत वाचून दाखवतात. चष्म्याच्या दुकानातला माणूस सांगतो, नंबर अगदी बरोबर आहे. तेच आजोबा घरी येऊन डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकतात, ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच ठेवून "भाजी वाढलीच नाहीस" म्हणतात, आणि गणपत गल्लीत समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला न बोलता पुढे निघून जातात. घरचे म्हणतात, वय झालं, लक्ष नसतं आता. अशा वेळी लक्षाला दोष देण्याआधी नजरेचा घेर तपासून घ्यायला हवा.

मी बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात हा घेर मोजायच्या मशीनवर काम करते. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांपैकी बरेच जण आधी चष्मे बदलून आलेले असतात. म्हणून ज्या घरात हा प्रश्न नव्याने आला आहे त्यांच्यासाठी, काय करायचं ते क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं समजून घ्या

समोर एका जागी नजर ठेवली की एका डोळ्याला कानाच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत किंवा थोडं पलीकडे दिसतं. नाकाच्या बाजूला आणि वर सुमारे ६० अंश, खाली ७० ते ७५ अंश. एवढ्या सगळ्या जागेला दृष्टिक्षेत्र म्हणतात, आपण घेर म्हणू. अक्षरांचा तक्ता तपासतो तो या घेराचा अगदी मधला, छोटासा भाग. बाजूचा अर्धा घेर गेला तरी तक्ता वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, पेपरमधली बारीक जाहिरातही वाचता येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गेलेला भाग काळा दिसत नाही. मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगाने रफू करून टाकतो. याचा अनुभव निरोगी डोळ्यालाही घेता येतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. वीतभरापेक्षा थोडं जास्त, सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो आणि तिथे भोक न दिसता कोरा कागदच दिसतो. डोळ्याची नस डोळ्याच्या मागच्या पडद्यातून बाहेर पडते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, म्हणून हा आंधळा ठिपका प्रत्येकाला असतो. आजारात असेच मोठाले तुकडे जातात आणि माणसाला पत्ताच लागत नाही. घरातल्या कुणाला हे पटत नसेल तर हा कागद त्यांच्या हातात द्या. मी दवाखान्यात नेहमी हेच करते, कारण त्यानंतर कुणी रुग्णाला "नीट बघत जा" असं म्हणत नाही.

पायरी पहिली: थांबायचं नाही ते केव्हा

एका बाजूचं दिसणं अचानक गेलं असेल, म्हणजे सकाळी बरं होतं आणि दुपारी डावीकडचं काहीच कळेना, तर तो पक्षाघात असू शकतो. आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात तेव्हा वाकडं तोंड आणि लुळा हात डोळ्यासमोर येतो. पण मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा थांबला तर हात, पाय, तोंड, बोलणं सगळं नीट राहून नुसती अर्धी नजर जाते. दुखतही नाही. म्हणून घरचे उद्या बघू म्हणतात आणि वेळ निघून जाते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा. खानापूर, कडोली, उचगावकडच्यांना बेळगाव शहर, निपाणीकरांना कोल्हापूर, कागवाडकडच्यांना मिरज जवळ पडते. आपण कर्नाटकात आहोत म्हणून इकडेच जायला हवं, असं अशा वेळी अजिबात मनात आणू नका. शेवटचं नीट दिसत होतं ती वेळ कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

डोळ्यापुढे विजेसारखे चमकारे, काजळीचे कण उडाल्यासारखे खूप ठिपके, आणि एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, ही डोळ्याचा पडदा सुटत असल्याची खूण आहे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचायची शक्यता पुष्कळ असते.

डोळा लाल, प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, डोकेदुखी आणि उलटी हे सगळं एकत्र असेल तर डोळ्यातला दाब एकाएकी वाढलेला असू शकतो. उलटीमुळे लोक हे पित्तावर ढकलतात. तसं करू नका.

पायरी दुसरी: घरी पाच मिनिटांची तपासणी

रुग्णाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, डोळ्यांची उंची जुळेल असं बसा. उजेड त्यांच्या तोंडावर नव्हे तर पाठीमागून येऊ द्या. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकायचा, तुम्ही तुमचा डावा. त्यांची नजर तुमच्या नाकावर. आता तुमच्या दोघांच्या बरोबर मध्ये हात पसरून बोटं नुसती हलवा: वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली डावीकडे, खाली उजवीकडे. हललं की त्यांनी "हं" म्हणायचं. तुम्हाला दिसतंय आणि त्यांना नाही, असा कोपरा लिहून ठेवा. मग दुसरा डोळा. नजर नाकावरून सरकली तर ती फेरी धरू नका. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही बाजूंची बोटं एकाच वेळी हलवा. सुटी सुटी दोन्ही दिसतात, पण एकदम हलवल्यावर एकच बाजू सांगितली जाते, असं झालं तर तेही लिहा. ती घेराची नव्हे, मेंदूच्या लक्षाची अडचण असते. पक्षाघातानंतर, विशेषतः डाव्या बाजूबाबत, ती बऱ्याच जणांना होते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

आता इथे जरा थांबते, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. "डावा डोळा गेला" आणि "डावी बाजू गेली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक रुग्ण दोन्हीला "डाव्या डोळ्याला दिसेना झालंय" असंच सांगतात. ओळखायचं असं: डावा डोळा झाका. तरीही उजव्या डोळ्याला डावीकडचं दिसत नसेल तर दोष डाव्या डोळ्याचा नाही, दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागे, बहुधा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात आहे. दोन्ही डोळ्यांतून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात, तिथे अर्धे तंतू बाजू बदलतात, आणि त्यापुढे डावीकडचं सगळं दृश्य उजव्या मेंदूकडे, उजवीकडचं डाव्या मेंदूकडे जातं. एवढी एक गोष्ट तुम्ही दवाखान्यात स्पष्ट सांगितलीत तर डाव्या डोळ्याच्या निरनिराळ्या तपासण्यांत जाणारे दिवस वाचतात.

मधल्या नजरेसाठी भिंतीवरच्या टाइल्स किंवा चौकटीची वही पुरते. एक डोळा झाकून मधल्या एका बिंदूकडे बघायचं. रेघा वाकड्या, तुटलेल्या किंवा मध्ये पुसट डाग असं दिसलं तर लगेच दाखवा.

पायरी तिसरी: कुणाकडे आणि काय विचारायचं

चष्म्याच्या दुकानात घेर मोजला जात नाही. गावातल्या शिबिरांत मुख्यतः मोतीबिंदू शोधतात. ते काम मोलाचं आहे, पण तिथून "डोळे ठीक आहेत" असा निरोप आला म्हणजे घेरही ठीक आहे असं नाही. नेत्रतज्ज्ञाला तीन गोष्टी थेट विचारा: डोळ्यातला दाब मोजला का, बाहुली मोठी करून पडदा आणि नस बघितली का, आणि फिल्ड टेस्ट, म्हणजे मशीनवर घेर मोजायची तपासणी, लागेल का. असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. हुबळीला एम. एम. जोशी नेत्रसंस्था आहे. पलीकडे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आणि मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.

नोंदणीच्या खिडकीवर किंवा वॉर्डात मराठी समजणारं कुणी नसेल तर कानडीतली थोडी वाक्यं हाताशी असू द्यात. "एडगडे काणंगिल्ल" म्हणजे डावीकडचं दिसत नाही, "बलगडे काणंगिल्ल" म्हणजे उजवीकडचं. दोन्ही डोळ्यांना असेल तर आधी "एरडू कण्णिगे" जोडा. शेजारची कानडी बोलणारी मावशी किंवा अण्णा सोबत आले तर फारच बरं. आपल्या गल्ल्यांतून ही मदत नेहमी मिळते. मात्र त्यांना घरून निघतानाच सगळं सांगा, डॉक्टरांच्या दारात नको.

खर्चाचं आधीच बघा. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनांची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मोठ्या उपचारांसाठी बहुधा आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. महाराष्ट्र सरकारनेही सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. कोल्हापूर-मिरजेकडे जाणाऱ्यांनी भरती होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव सांगून विचारावं. भरती झाल्यावर विचारणं उशिराचं ठरतं.

पायरी चौथी: फिल्ड टेस्ट

या तपासणीची लोकांना भीती वाटते, म्हणून सविस्तर सांगते. पांढऱ्या अर्धगोल भांड्यात हनुवटी टेकवून बसायचं. एक डोळा पट्टीने झाकतात. समोर मध्ये एक बारीक दिवा असतो, नजर त्याच्यावरच ठेवायची. आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला साधारण पाच ते आठ मिनिटं लागतात. दुखत नाही, डोळ्याला काही टोचत नाही.

मशीन मुद्दामच असे फिके ठिपके दाखवतं जे निरोगी माणसालाही निम्म्या वेळाच दिसतात. त्यावरूनच नजरेची सीमा कळते. तेव्हा बराच वेळ काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, नापास वगैरे कुणी होत नाही. "दिसलं असावं" म्हणून अंदाजाने बटण दाबणं आणि ठिपका शोधायला नजर फिरवणं, या दोन गोष्टींनी मात्र निकाल बिघडतो. मशीन तेही नोंदवतं.

रात्रपाळी करून, किंवा पहाटे उठून दोन बस बदलून उपाशी आलेल्या माणसाची तपासणी चांगली होत नाही. जेवून या. डोळ्यांचे रोजचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. आधीचे कागद आणि चष्मा आणा. पापणी खाली येत असेल तर सांगा, आम्ही ती चिकटपट्टीने वर धरतो, नाहीतर वरचा घेर उगाचच गेलेला दिसतो. दमलात तर थांबवायला सांगा. बटण दाबून धरलं की मशीन थांबतं. सूचना कानडीत किंवा इंग्रजीत दिल्या आणि कळल्या नाहीत तर मराठीत सांगायला सांगा. न कळता मान डोलावून बसलात तर तुमचा वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

पहिल्या वेळेचा निकाल बहुतेकांचा कच्चा येतो. डॉक्टर पुन्हा करायला सांगतात ते यासाठी, पैसे काढायला नव्हे. कागदावर काळे-करडे डाग छापून येतात, ते घरी जाऊन स्वतः वाचत बसू नका. पण तो कागद जपा. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा शेजारी शेजारी ठेवता येणं, याला काचबिंदूच्या, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणाऱ्या आजाराच्या, उपचारात तोड नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घालून न ठेवता एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. काही मशीनचा छपाईचा कागद काही वर्षांत फिका पडतो, म्हणून झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पायरी पाचवी: घेर कसा गेला त्यावरून कारण

एकाच डोळ्याचा घेर गेला असेल तर दोष त्या डोळ्याचा किंवा त्याच्या नसेचा. दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजू गेल्या असतील तर नसा भेटतात तिथे काही दाबतंय का ते बघतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची गाठ हे त्याचं नेहमीचं कारण. सोबत पाळी थांबणं, बाळ नसताना अंगावर दूध येणं किंवा चपलेचं माप वाढणं असं काही असेल तर लाज न धरता सांगा. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेली असेल तर मेंदू, हे वर आलंच.

काचबिंदूत घेर कडेने, हळूहळू, वर्षानुवर्षं कमी होतो. डोळ्यातला दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याच्या उंचीच्या मापात) असतो, पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो. म्हणून फक्त दाब मोजून सुटका नाही. आपल्या भागात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांची. धुळीने, उन्हाने मुलांचे डोळे खाजतात, स्टेरॉइडचे थेंब घातले की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, मग दर उन्हाळ्यात तीच बाटली येते. त्यातून दाब वाढून ऐन शाळकरी वयात काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात अशी बाटली असेल तर तिच्यावरचं नाव आजच डॉक्टरांना दाखवा.

रातांधळेपणापासून सुरुवात होऊन घेर चारी बाजूंनी आवळत गेला तर पडद्याचा आनुवंशिक आजार असू शकतो, त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्न करायची रीत आपल्याकडे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत आहे, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत असे आजार मुलांमध्ये उतरण्याचा धोका वाढतो. यात आईला दोष देणं सोडा, दोन्हीकडून सदोष गुण आल्याशिवाय या प्रकारचे बहुतेक आजार होत नाहीत. लग्न ठरवण्याआधी आनुवंशिक सल्ला घेता येतो. तसंच नुसता रातांधळेपणा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो आणि तो औषधाने बरा होतो, म्हणून तपासणीआधी कपाळाला हात लावून बसू नका.

मधली नजर जात असेल तर मधुमेह आणि वयाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारात घ्या. क्षयाच्या उपचारातल्या एथॅम्बुटॉल गोळीने काहींच्या नसेला इजा होते. लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ व्हायला लागला तर ताबडतोब क्षय केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका. दुसरं, तंबाखू, दारू आणि अपुरं जेवण एकत्र आलं की नस सुकत जाते. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू घरोघरी आहे, म्हणून लिहिलं.

पायरी सहावी: उपचारातून काय मिळेल, काय नाही

काचबिंदूचे थेंब गेलेला घेर परत आणत नाहीत, उरलेला वाचवतात. हे सुरुवातीला कुणी समजावून सांगत नाही, त्यामुळे "तीन महिने घातले, काही फरक नाही" म्हणून लोक सोडून देतात. फरक न पडणं हेच त्यांचं काम आहे. थेंब एकच घाला, डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी. दमा असेल तर आधी सांगा, टिमोलॉलसारख्या थेंबांनी श्वास अडकू शकतो.

पक्षाघाताने गेलेला घेर काहींना अंशतः परत मिळतो. जे काही सुधारतं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, सहा महिन्यांनंतर फार थोडं. पण घेर परत आला नाही तरी उरलेल्या नजरेचा वापर सुधारतो, आणि तो वर्षानंतरही सुधारतो.

मधुमेहासाठी पडद्यावर भरपूर लेझर केलं असेल तर कडेचा घेर आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते. मधली नजर टिकवण्यासाठी ती किंमत दिलेली असते.

पायरी सातवी: घरात, ताटावर, रस्त्यावर

अर्धी बाजू गेलेल्या माणसाला शिकवायची पहिली सवय म्हणजे न दिसणाऱ्या बाजूकडे आधी डोळे फिरवायचे, मोठे, पार कडेपर्यंत, आणि मग मान. नुसती मान वळवून ठेवली की मानही दुखते आणि घेरही वाढत नाही. रोज थोडा वेळ सराव हवा. परातीत तांदूळ पसरून दोन्ही कडांना शेंगदाणे ठेवायचे आणि ते वेचायला सांगायचे. कपाटातली भांडी डावीकडून उजवीकडे मोजायला सांगायची. नातवंडांना यात फार गोडी वाटते, त्यांना कामाला लावा.

मराठी आणि कानडी दोन्ही डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे बाजूप्रमाणे अडचण बदलते. डावी बाजू गेलेल्याला ओळीची सुरुवात सापडत नाही, तो मधल्या शब्दापासून वाचायला लागतो. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा किंवा डाव्या हाताचं बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवायला शिकवा. उजवी बाजू गेलेल्याला पुढचा शब्द दिसत नाही, वाचन फार मंदावतं. त्याला पट्टी ठेवून एकेक ओळ, मोठ्या अक्षरात, छोट्या छोट्या वेळात. पेपर आडवा धरून वरून खाली वाचणं काहींना जमतं. विचित्र वाटलं तरी करून बघू द्या.

जेवताना ताट अर्धं फिरवायला शिकवा. भाजी, भाकरी, आमटी रोज त्याच जागी वाढा. सुरुवातीला गरम गोष्टी दिसत्या बाजूलाच ठेवा. बोलायला जाताना आधी आवाज द्या, नाव घेऊन. न दिसणाऱ्या बाजूने गुपचूप येऊन खांद्यावर हात ठेवला की माणूस दचकतो आणि हळूहळू लोकांत बसायचं टाळतो. लग्नात किंवा कीर्तनाला डावी बाजू गेलेल्या माणसाला मंडपाच्या डाव्या अंगाला बसवा, म्हणजे सगळं त्याच्या उजवीकडे येतं.

रस्त्याचं गणित नीट लक्षात घ्या. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, म्हणून ओलांडताना पहिल्या अर्ध्यात वाहन उजवीकडून येतं, मधल्या रेषेनंतर डावीकडून. उजवी बाजू गेलेल्याला पहिलंच पाऊल धोक्याचं, डावी गेलेल्याला दुसरा अर्धा भाग. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांपाशी किंवा चन्नम्मा सर्कलला सोबतच्याने न दिसणाऱ्या बाजूला चालायचं आणि आपला कोपर धरायला द्यायचा. त्यांना पुढे ढकलायचं नाही. दुचाकी बंद. दोन्ही डोळ्यांची एकत्रित घेर तपासणी करून डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली घरात ठेवा. यावर घरोघरी भांडणं होतात हे मला ठाऊक आहे, तरीही यात सूट देता येत नाही. ऊस भरलेला ट्रॅक्टर न दिसणाऱ्या बाजूने येतो तेव्हा दुसरी संधी मिळत नाही.

खालचा घेर गेला असेल तर उंबरठा, पायरी, गटाराची कडा आणि अंगणातली बादली घात करते. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा, बादली भिंतीला लावा, आणि जुन्या घरातल्या अंधाऱ्या जिन्यात दिवा लावा. घेर आवळलेल्यांनी संध्याकाळनंतर टॉर्च जवळ ठेवावा.

पांढऱ्या काठीबद्दल लोक फार बोलतात. पेपर वाचणारा माणूस काठी घेऊन का फिरतो, सोंग करतोय, असं म्हणणारे गावात निघतातच. बोगद्यातून बघावं तसं दिसणाऱ्या माणसाला पेपर वाचता येतो आणि पायापुढची म्हैस दिसत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. काठी खड्डा सांगते आणि गाडीवाल्यालाही सांगते. ज्याला गरज आहे त्याने ती संकोच न करता घ्यावी, आणि घरच्यांनी चारचौघांत त्याची बाजू घ्यावी.

आणखी एक, जे रुग्ण कुणालाच सांगत नाहीत. नजर गेलेल्या भागात काहींना माणसं, फुलं, जाळीदार नक्षी, लहान मुलं दिसतात. ती बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे रुग्णाला बहुतेक वेळा कळतं. मेंदूला डोळ्याकडून काही येईनासं झालं की तो स्वतःच चित्रं बनवतो. शार्ल बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना असं दिसत असल्याचं लिहून ठेवलं, म्हणून त्याच्याच नावाने हे ओळखलं जातं. हे वेड नाही, बाहेरचंही काही नाही. देवऋषीकडे न्यायच्या आधी त्यांना शेजारी बसवून शांतपणे विचारा, "तुम्हाला काही वेगळं दिसतं का?" अनेकांना हे ऐकूनच रडू येतं, इतके दिवस ते एकटेच घाबरलेले असतात. दिसणारं भीतिदायक असेल, आवाजही येत असतील किंवा गोंधळ वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पायरी आठवी: दिव्यांगत्वाचा दाखला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेच्या तीक्ष्णतेबरोबर घेरही धरला आहे. चांगल्या डोळ्याने तक्ता कितीही वाचता येत असला तरी घेर १० अंशांहून कमी उरला तर ते अंधत्व, आणि ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. अर्धी बाजू जाण्याचाही मूल्यमापनाच्या नियमांत उल्लेख आहे. "वाचता येतंय, तुम्हाला दाखला मिळणार नाही" असं खिडकीवर कुणी म्हटलं तर फिल्ड टेस्टचा कागद पुढे करा आणि तपासणी मंडळासमोर जायचंच असं सांगा.

दाखल्याचा आणि दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, फोटो आणि पत्ता लागतो. मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या खाली पिवळा, ८० आणि त्यावर निळा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. हे कार्ड देशभर चालतं, म्हणजे कोल्हापुरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहायला गेलात तरी दुसरं काढावं लागत नाही. गावात ग्रामपंचायतीशी जोडलेला दिव्यांग पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुक्याला याच कामासाठी एमआरडब्ल्यू असतो. फॉर्म भरायला यांची मदत मागा, ते त्यांचं कामच आहे. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयात. बसच्या सवलतीच्या पासासाठी वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपोत चौकशी करा. रेल्वेची भाड्यातली सवलत मात्र पूर्ण अंधत्व असणाऱ्यांसाठी आहे, अर्धा घेर गेलेल्यांनी तिच्या भरवशावर तिकीट काढू नये.

आपल्याकडे अर्ज अडतात ते नावाच्या स्पेलिंगवर. शाळेचा दाखला मराठी शाळेचा, शिधापत्रिका कानडी, आधारवर इंग्रजी, आणि तिन्हींत आडनाव वेगवेगळं उमटलेलं. कधी वडिलांचं नाव आधी, कधी नंतर. रुग्णालयातली फाइल उघडताना पहिल्याच दिवशी आधारवरचं स्पेलिंग दाखवून तेच लिहायला लावा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा बस धरावी लागते, आणि ती धरायची असते नीट न दिसणाऱ्या माणसाने.

घरातल्या बाकीच्यांसाठी

काचबिंदू निघाला असेल तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची दाब, नस आणि गरज पडली तर घेर अशी पूर्ण तपासणी करून घ्या, तक्रार नसली तरी. लग्न होऊन चंदगडला, गडहिंग्लजला किंवा गोव्याला गेलेल्या बहिणींना फोन करून रुग्णाच्या आजाराचं नाव नीट सांगा, आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. तिथल्या डॉक्टरांना तो दाखवला की पुढचं विचारायला त्यांना वेळ लागत नाही.